ठिणगी, वजन पाच किलो तीनशे

जाकीमिऱ्या, रत्नागिरी
२१ सप्टेंबर १९८६

यमुनाबाई नारकर, लांजा, यांना काशीराम शिवलकरचा नमस्कार.

मी आजवर स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. होड्या अकरा, पैकी नऊ अजून पाण्यात आहेत. राहत्या घराची दारे चार व खिडक्या सहा, कड्या-कोयंड्यांसह. देव्हारा एक, फणसाच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता. विहिरीवरचा रहाट. सायकलला मागून जोडायची दोनचाकी गाडी, तिच्यातून मी होड्यांची इंजिने दुरुस्तीला आणतो. पत्नीला शेवटच्या दुखण्यात पाठ टेकून बसता यावे म्हणून टेकूचा पाट, त्या टेकूचा कोन चार वेळा बदलला. यातले काहीही मला कोणी शिकवलेले नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचन-लेखन वर्तमानपत्रावर केले. पत्रात चूक आढळल्यास कळवावी, हसू नये.

हे सारे लिहिण्याचे कारण असे. आमची शेजारीण हौसा सुकी मासळी घेऊन लांज्याच्या बाजाराला येते. तिच्याकडून कळले की टाकलेली, जखमी कुत्री तुम्ही घरी ठेवता, बरी करता आणि चांगले घर मिळाले तर देता. मला एक हवी आहे म्हणून मी तिला विचारायला सांगितले. तुम्ही उलट विचारलेत, त्या माणसाला कुंपण तरी घालता येते का. त्याचे उत्तर वर दिले.

कुत्री राखणीसाठी हवी. होडीच्या कामाचे तांब्याचे खिळे दोनदा चोरीला गेले. लहान चणीची चालेल. घरात मी एकटा. पत्नी तुळसा १९८४ च्या मार्गशीर्षात वारली. मूल नाही.

काशीराम शिवलकर

---

लांजा
२६ सप्टेंबर १९८६

काशीरामभाऊ,

माझ्याकडे कुत्रं मागायला आजवर पुष्कळ माणसं आली, पण देव्हाऱ्याचं लाकूड कुणी सांगितलं नव्हतं. पत्रात चूक एकही नाही. हसले मात्र, ते तुमच्या हौसामुळे. ती म्हणाली, "बाई, द्या त्याला कुत्री. माणसांशी तो बोलत नाय, निदान कुणावर तरी ओरडंल."

माझी माहिती सांगते. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर हमरस्त्यावरचं एक पिल्लू उचललं, आता अंगणात अकरा आहेत. माझे गुडघे दोन, तेही दुखरे. म्हणून देते.

तुमच्यासाठी एक आहे. बुटकी, तांबूस, चारी पायांची बोटं पांढरी, वय दोनेक वर्षं. हमरस्त्यावर सापडली, तळपाय सोलवटलेले होते, ते भरून आले. दहा महिन्यांत मी तिला एका जागी बसलेली पाहिली नाही. तिचं नाव मी ठिणगी ठेवलं. रेबीजचं इंजेक्शन झालंय, कागद सोबत देईन.

माझा एक नियम आहे. पहिले सहा महिने दर महिन्याला पत्र पाठवायचं. कुत्री कशी आहे ते खरं लिहायचं. मला वाटलं की तिचं बरं चाललेलं नाही, तर मी येऊन घेऊन जाते, आणि तिथे भांडण चालत नाही.

रविवारी या. येताना दोरी आणू नका, ती दोरी खाते.

यमुना नारकर

---

जाकीमिऱ्या
१९ ऑक्टोबर १९८६

यमुनाबाई, पहिल्या महिन्याचे पत्र नियमाप्रमाणे लिहितो आहे.

वजन आणली तेव्हा पाच किलो तीनशे, आज पाच किलो सहाशे. मासळीच्या काट्यावर केले, पाटीचे वजन वजा करून. खाणे सकाळी भाकरी व मासळीचे पाणी, संध्याकाळी भात. खोबरे आवडते. पेडवे काट्यासकट खाते, ते मी बंद केले.

तुम्ही लिहिलेत त्यात खोट नाही, एका जागी बसत नाही. मी रंधा चालवू लागलो की प्रत्येक सालपट जमिनीला टेकायच्या आत पकडते. पकडून खात नाही, ओळीने माझ्या पायाशी आणून ठेवते. चोराचे मात्र तिला कौतुक दिसते. पोस्टमनला ती घरात घेऊन आली.

आता कुंपण. मी घातले ते साडेतीन फुटांचे. दुसऱ्या दिवशी तिने उडी मारली. नऊ इंच वाढवले. तिने खालून माती उकरली. खाली जांभा दगड बसवला. तिने विहिरीच्या कठड्यावरून वाट काढली. हे ती दिवसभर करत नाही. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी रत्नागिरीची एसटी फाट्यावर येते, फक्त त्या वेळी. जाते, उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचे पाय हुंगते, गाडी वळून गेली की परत येते. गाडीला उशीर झाला तर तिलाही उशीर. मी घड्याळ लावून सात दिवस पाहिले.

आता नऊ वाजून दहा मिनिटांनी मीच दार उघडतो आणि तिच्याबरोबर फाट्यावर जाऊन बसतो, गाडीखाली येऊ नये म्हणून. हौसा मासळीची पाटी घेऊन त्याच गाडीची वाट पाहते. ती म्हणते, "तुळसा होती तेव्हा तिच्याबरोबर कधी फाट्यापर्यंत आला नाहीस, आता रोज येतोस." लोक हसतात.

ही तक्रार नाही. घडले ते लिहिले.

काशीराम शिवलकर

---

लांजा
२५ ऑक्टोबर १९८६

काशीरामभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. तुमचं मन मला कळलं. संकोच करू नका, ती कुणालाही दमवते. रोज काम टाकून फाट्यावर जायचं, वर लोकांचं बोलणं ऐकायचं, हे तुम्ही कशासाठी सोसावं? राखणीला तुम्हाला धिप्पाड कुत्रा हवा. माझ्याकडे एक काळा आहे, दिवसभर झोपतो, पण दिसायला भीतीदायक आहे. पुढच्या रविवारी ठिणगीला आणून सोडा आणि त्याला घेऊन जा.

आणि एक, राग मानू नका. तुमच्या पत्रात कुत्री आहे, कुंपण आहे, एसटीची वेळ आहे. तुम्ही कुठे दिसला नाहीत. नर्सची सवय आहे, रोग्याबरोबर आलेल्या माणसाचीही नाडी बघते.

यमुना नारकर

---

जाकीमिऱ्या
१६ नोव्हेंबर १९८६

यमुनाबाई,

तुमच्या पत्राचा मला राग आला होता, म्हणून उत्तर तेव्हाच पाठवले नाही. ही तक्रार नाही असे मी स्पष्ट लिहिले होते. मी हाती घेतलेले काम अर्धे सोडून परत दिल्याचे या किनाऱ्यावर कोणी सांगणार नाही. काळा कुत्रा तुमच्याकडेच झोपू द्या.

वजन सहा किलो पन्नास ग्रॅम. कान स्वच्छ. गोचीड नाही.

आता मुख्य गोष्ट. ती ठिणगी या नावाला ओ देत नव्हती. मला वाटे ऐकू कमी येते. मागल्या मंगळवारी हौसा आमच्या पडवीत पान लावायला बसली. तिने अडकित्त्याने सुपारी कातरली. ठिणगी विहिरीपाशी होती, तीस पावले लांब. पहिल्याच आवाजाला ती धावत आली, हौसाच्या पावलांवर आडवी पडली आणि डोळे मिटले. दीड महिन्यात मी तिला अशी निवांत पाहिली नव्हती.

मी पान खात नाही. तरी अडकित्ता आणि पाव किलो सुपारी आणली. दुपारी बसून कातरली. ती आली आणि माझ्या पावलांवर पडली. अर्धा तास मी पाय हलवला नाही, होडीच्या फटींत भरायची राळ चुलीवर होती ती करपली. तेव्हापासून रोज दुपारी कातरतो. कातरलेल्या सुपारीचा डबा भरला, हौसा फुकट नेते आहे.

त्यानंतर मी नीट लक्ष ठेवले. काठी पाहून ती घाबरत नाही, उलट काठी टेकत चालणाऱ्याच्या डाव्या अंगाने त्याच्या चालीने चालते. ताट ठेवले तरी कोणी "जेव गो" म्हणेपर्यंत तोंड लावत नाही. पुरुष माणूस चुलीपाशी गेला तर भुंकते, बाई गेली तर नाही. या सगळ्याचा अर्थ एकच होतो. ही रस्त्यावरची कुत्री नाही. हिला कोणी एकट्या म्हातारीने पाळले आहे. ती म्हातारी पान खाते, काठी घेऊन चालते आणि काठी उजव्या हातात धरते. आणि ती एसटीने कुठेतरी गेली.

तुम्ही "सापडली" असे लिहिलेत. ते अर्धे आहे. उरलेले कळवावे.

हौसाला मी हे सांगितले. ती म्हणाली, "नको विचारूस, काशीराम. विचारलंस तर उत्तर येईल." तरीही विचारतो आहे. अर्धवट मापावर मला काम करता येत नाही.

काशीराम शिवलकर

---

लांजा
२२ नोव्हेंबर १९८६

काशीरामभाऊ,

आवाजावरून, चालीवरून तुम्ही माझं खोटं पकडलंत. आता सगळं लिहिते.

म्हातारीचं नाव धोंडूबाई. साटवलीकडे एका वाडीत एकटीच राहायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मुलगा तिला डोळ्यांच्या ऑपरेशनला मुंबईला घेऊन गेला. कुत्री शेजाऱ्यांकडे बांधली होती. ती दोरी तोडून लांज्याच्या स्टँडवर आली आणि मुंबईच्या गाडीमागे हमरस्त्याने धावत गेली. रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांनी तिला उचलून माझ्याकडे आणलं तेव्हा चारही पायांतून रक्त येत होतं.

आठ दिवसांनी मुंबईच्या गाडीचा कंडक्टर तिचा निरोप घेऊन आला, कुत्री माझ्याकडे आहे हे त्यानेच तिला कळवलं होतं. "म्हातारीने सांगितलंय, कुत्री माझी आहे, तिला ठेवा, मी शिमग्याला येते." मी ठेवते म्हटलं. शिमगा आला आणि गेला. म्हातारी आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. मी मे महिन्यापर्यंत थांबले, मग गणपतीपर्यंत. या वयात मुंबईला गेलेली किती माणसं परत येतात, ते मी तीस वर्षं दवाखान्यात पाहिलंय. मी मनाशी ठरवलं की ती आता येत नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण मागे एकदा असंच खरं सांगून एक कुत्रा दिला होता. घेणाऱ्याने त्याला कधी जीव लावला नाही. म्हणाला, दुसऱ्याची ठेव आहे. तो कुत्रा पडवीच्या कोपऱ्यातच मेला. तसं हिचं होऊ नये म्हणून लपवलं. चूक माझी.

धोंडूबाईची आजही काही खबर नाही. कुत्री तुमच्याकडे सुखात आहे. आपण दोघं गप्प राहिलो तर कुणाचं काही बिघडत नाही. हे मी विचार करून लिहितेय.

यमुना नारकर

---

लांजा
२ जानेवारी १९८७

काशीरामभाऊ,

डिसेंबरचं पत्र आलं नाही. नियमाचं राहू द्या, पण कुत्री बरी आहे का आणि तुम्ही बरे आहात का, एवढं कार्डावर लिहून टाका. हौसाही दोन बाजार आली नाही, विचारू कुणाला?

यमुना

---

जाकीमिऱ्या
९ जानेवारी १९८७

यमुनाबाई,

कुत्री बरी आहे. वजन सहा किलो शंभर, आता तिथेच स्थिर आहे. हौसाला ताप होता, उतरला.

पत्र पाठवले नाही, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते. तुमचे पत्र आले त्या दिवशी मी ते देव्हाऱ्याखाली ठेवले आणि ठरवले की आपल्याला ते मिळालेच नाही. हे सोळा दिवस चालले. सोळाही दिवस मी तिच्याबरोबर फाट्यावर गेलो. ती पाय हुंगायची आणि मी उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची तोंडे बघायचो. आधी नुसती एसटी बघत बसायचो, आता भीत बसू लागलो. सतराव्या दिवशी होडीची फळी कापताना माप चुकलो. तीस वर्षांत तसे झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साटवलीला गेलो. कुत्रीला हौसाकडे ठेवले. घर सापडले. दाराला कुलूप, अंगणात गवत, तुळस मात्र हिरवी होती, शेजारची बाई पाणी घालते. मी तिला विचारले, धोंडूबाई आहे का. मनात काय होते तेही लिहितो. ती वारली, असे ऐकायला मिळावे असे मनात होते. होते ते होते.

वारलेली नाही. मुंबईत न्हाणीघरात पडून मांडीचे हाड मोडले, वर्षभर अंथरुणात आहे, असे शेजारणीने सांगितले आणि पत्ता दिला. तो पत्ता मी खिशात चार दिवस ठेवला. मग पत्र टाकले. कुत्री जिवंत आहे, माझ्याकडे आहे, इथे तिला ठिणगी म्हणतात, एवढेच लिहिले.

अजून उत्तर नाही.

काशीराम शिवलकर

---

मुंबई, लालबाग
२७ जानेवारी १९८७

काशीराम शिवलकर यांना.

मी गुणवंती, धोंडूआजीच्या शेजारच्या खोलीत राहते, नववीत आहे. आजी सांगते तसंच लिहितेय, कारण ती म्हणते तू सुधारू नको.

भाऊ, तुमचं पत्र पोरीन वाचून दाकवलान तवा मी चुलीवर दूध ठेवलेलं इसरले. माजी चिंगी जिती हाय. तिचं नाव चिंगी हाय, तुमी कायतरी येगळं लिवलंत. मी हरिश्चंद्राला, माज्या पोराला, दोन येळा सांगलं, नर्सबायला पत्र लिव. लिवलं म्हनून सांगलान. उत्तर आलं, कुत्री खुशाल हाय, म्हनून पन सांगलान. आता ईचारते तर मान खाली घालून बसतो. तो वाईट नाय. गोदीत राबतो, माजं सगळं केलान. त्याला वाटतं म्हातारी गावाला गेली तर एकटी मरंल.

एक डोळा चांगला झाला. मांडी जुळली, पन खाली बसता येत नाय. दात काढले, सुपारी बंद. मी शिमग्याला गावाला जातेय. ऱ्हायाला जातेय, परत येयाला नाय. हरिश्चंद्र नको म्हनतो. मी सांगलं, चिंगी हाय, मी एकटी कशी?

ती अजून ताटापुढं बसून ऱ्हाते का? तिला "जेव गो" म्हनायला लागतं. तुमच्यात कोन म्हनतं? तुमची बाईल म्हनत आसंल. तिला माजा नमस्कार सांगा.

भाऊ, एक ईचारते. तुमी तिला इतकं दीस ठेवलंत. तुमचा जीव तिच्यावर बसला आसंल तर तसं लिवा. मी म्हातारी हाय, मना समजतं. मग मी मागनार नाय.

(आजीने हे सांगताना तोंड भिंतीकडे केलं होतं. हे मी माझं लिहिलंय. गुणवंती.)

---

जाकीमिऱ्या
४ फेब्रुवारी १९८७

धोंडूबाईंना काशीराम शिवलकरचा नमस्कार.

पत्र मिळाले. आपण विचारलेत त्याचे उत्तर. जीव बसणे वगैरे काही नाही. मी कामाचा माणूस आहे, कुत्री राखणीसाठी आणली होती आणि राखणीला ती उपयोगाची नाही. तेव्हा आपण निश्चिंत असावे. शिमग्याला घरी याल त्याच्या दुसऱ्या दिवशी आणून देईन.

आपल्याला उपयोगी पडेल अशी माहिती देतो. वजन सहा किलो शंभर आहे, त्याखाली येऊ देऊ नये. पेडवे काटे काढून द्यावेत. उजव्या मागच्या पायाचे नख लवकर वाढते, महिन्यातून एकदा कापावे, रक्ताची शीर जपून. इंजेक्शनचा कागद सोबत आणतो, पुढचे सप्टेंबरात आहे. डाव्या कानामागे खाजवले की पाय हलवते, त्यात रोग नाही.

आमच्याकडे "जेव गो" मीच म्हणतो.

काशीराम शिवलकर

---

लांजा
१२ फेब्रुवारी १९८७

काशीरामभाऊ,

धोंडूबाईचं कार्ड आलं, त्या गुणवंतीच्या हाताचं. तुम्ही काय लिहिलंत ते त्यात आहे. "भला माणूस आहे, त्याला कुत्रीचं काही नाही, ओझंच होतं" असं म्हातारीला वाटतंय. ती आनंदात आहे.

मी तीस वर्षं माणसांच्या तोंडून "दुखत नाही" ऐकलंय. तुमची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, करपलेल्या राळेचंही.

पोचवायला मी आले असते, पण गुडघ्याने पार धरलंय. काळ्याबद्दल मी आता काही म्हणणार नाही. एवढंच मागते, नियमाचे सहा महिने मार्चअखेर भरतात. शेवटचं पत्र राहू देऊ नका. खरं लिहायचं, हे तेव्हाच ठरलं होतं.

यमुना

---

जाकीमिऱ्या
२० मार्च १९८७

यमुनाबाई,

शेवटच्या महिन्याचे पत्र.

सोमवारी, सोळा तारखेला कुत्री पोचवली. त्याआधी आठ दिवस खपून पेटी केली, सागाची, दोन फूट लांब, चारी बाजूंना मिळून सोळा भोके, खाली काथ्याची गादी. कंडक्टरने विचारले, पेटीत काय. म्हटले, कुत्री. म्हणाला, "भुंकली तर दोघांनाही उतरवीन." ती भुंकली नाही. रत्नागिरीपासून लांज्यापर्यंत तिने नाक एकाच भोकाला लावले होते आणि मी बाहेरून तिथे बोट धरले होते. पालीला गाडी थांबली, तेव्हा शेजारी बसलेला गृहस्थ म्हणाला, "काका, मुलीला सासरी पोचवायला निघालात काय?" मी खिडकीबाहेर बघितले.

साटवलीच्या फाट्यापासून वाडी दीड मैल. पेटी डोक्यावर घेतली. पाऊण वाट झाल्यावर ती आत उड्या मारू लागली, पेटी सांभाळेना. खाली ठेवून उघडली. ती माझ्याकडे न बघता पळाली.

मी पोचलो तेव्हा धोंडूबाई अंगणात खुर्चीवर बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, तोंडात दात नाहीत, साडी मुंबईची. मला वाटले होते कुत्री तिच्या अंगावर झेपावेल. तसे झाले नाही. ती म्हातारीच्या जवळून निघून घरात गेली. चूल हुंगली. पाण्याची जागा हुंगली. मागच्या दाराने बाहेर पडून गोठ्याला वळसा घालून आली. परत घरात. म्हातारी हाक मारत नव्हती. मी म्हटले, हाक मारा की. ती म्हणाली, "नको भाऊ. तिला बघू दे सगळं. मी बी काल तेच केलं." घड्याळात अकरा मिनिटे झाली. मग ती बाहेर आली, म्हातारीची पावले हुंगली, एकदा उजवे, एकदा डावे, आणि त्यांवर आडवी पडली.

म्हातारीला वाकता येत नाही. तिचा हात खाली पोचेना. मी कुत्रीला उचलून तिच्या मांडीवर ठेवले. ठेवताना तिने मला चाटले नाही, काही नाही. तुम्हाला खरे हवे असते म्हणून लिहिले.

धोंडूबाईने चहा करवला शेजारणीकडून. तिने मला विचारले, "बाईल कशी हाय?" मी म्हटले, बरी आहे. या वेळी खोटे मी सांगितले. तिच्या दाराची खालची फळी कुजली होती, तेवढी बदलून दिली, आणि खुर्चीच्या पायांना दोन-दोन इंच उंची दिली, उठायला बरे पडेल. शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ येईन म्हणाली. तीन वाजता निघालो. कुत्री कवाडापर्यंत आली, रस्ता बघितला, आणि वळून गेली. रिकामी पेटी डोक्यावर घेऊन चालताना हलकी लागत नव्हती, याचे कारण मला सापडले नाही.

घरी आल्यावर मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी दार उघडले. मग लावून घेतले. हौसा आली आणि पडवीत बसली. म्हणाली, "सुपारी आहे का रे?" मी डबा दिला. तिने त्यातली कातरलेली घेतली नाही. अख्खी सुपारी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "कातर. मी आहे बसलेली." मी कातरली. कोणी आले नाही. तरी सगळी संपेपर्यंत ती बसून राहिली.

आता एक गोष्ट, जी क्रमाने आधी यायला हवी होती. ती मी टाळून पुढे गेलो, म्हणून शेवटी लिहितो आहे. धोंडूबाईला ही माहीत नाही, कधी कळू देऊ नये.

लांज्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तिचा मुलगा हरिश्चंद्र मला शोधत आला. चाळिशीचा, साधा माणूस, डोळे झोप न झालेले. म्हणाला, "काका, आईला तुम्ही आलात हे अजून माहीत नाही. मी एक बोलू का? रागावू नका. ती एका डोळ्याने आंधळी, मांडीत सळई. तिथे एकटी पडली तर तिसऱ्या दिवशी कळायचं. मी चार रात्रपाळ्या बुडवून आलोय, उद्या मला जायलाच हवं. ती फक्त या कुत्रीच्या जोरावर राहतेय. कुत्री मेली म्हणून सांगितलं तर दोन दिवस रडेल आणि माझ्याबरोबर मुंबईला येईल. तुम्ही हिला परत घेऊन जा. तुमच्याकडे सुखात आहे ती, तुमचं पत्र वाचलं मी. बघा, लबाडी कुणाच्या वाईटासाठी नाही."

त्याचे म्हणणे सगळेच चुकीचे नव्हते. यमुनाबाई, मी त्याला लगेच नाही म्हटले नाही. पेटी माझ्या दोन पायांमध्ये होती आणि तिने आतून माझे बोट शोधले. राजापूरची गाडी लागली, भरली आणि सुटली, तेवढा वेळ मी उभा राहिलो. रत्नागिरीची परतीची गाडी समोरच उभी होती.

मग मी म्हटले, कुत्री तिची आहे, आणि कुठे राहायचे तेही तिचे आहे. तो रडला नाही, पण तोंड फिरवून उभा राहिला. साटवलीच्या गाडीत त्यानेच पेटी वर चढवून दिली आणि तो स्टँडवरच थांबला.

त्याने मला देऊ केले होते ते असे. कुत्री कायमची माझी, आणि तिच्या खाण्यापिण्यासाठी वर रोख रुपये पाचशे. मी दोन्ही घेतले नाहीत.

काशीराम शिवलकर